अक्का आणि फायबरची चूल

अक्का ताटावरून माणूस ओळखायच्या. नाव विचारायच्या नाहीत, विचारलं तरी लक्षात ठेवायच्या नाहीत. पण धुवायला आलेलं ताट बघून हा माणूस आज मशीनवर कुणाशी तरी भांडून आलाय, याचा दात दुखतोय, त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय, हे त्यांना कळायचं. एकदा माझ्या ताटात निम्मी भाकरी तशीच राहिलेली बघून त्यांनी विचारलं, "तुनी बायको माहेर गयी का, भाऊ?" बायको घरीच होती, आईच्या तपासणीचा रिपोर्ट वाईट आला होता. तसं मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पुढचे दोन महिने, कारखान्यातून घरी निघताना, मऊ खिचडीचा एक डबा माझ्या टेबलावर असायचा. आई शेवटपर्यंत तेवढंच काय ते आवडीनं खायची.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज राहणार नाही.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा पाइपांचा कारखाना. मी तिथे प्रशासन विभागात. मागच्या बाजूला, तापलेल्या प्लास्टिकचा वास जिथे सतत यायचा तिथे, पत्र्याच्या शेडमध्ये कॅन्टीन होतं. त्याला नाव नव्हतं. लोक नुसतं "अक्कांकडे जाऊन येतो" म्हणायचे. अक्का अमळनेरकडच्या. नवऱ्याबरोबर जळगावला आल्या, नवरा गेल्यावर इथेच राहिल्या. लुगड्यावर पुरुषी फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आवाज असा की कंप्रेसर चालू असला तरी ऐकू यावा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, डाळ, गुरुवारी शेवभाजी. ठेच्यासाठी मिक्सर आणून दिला तर त्यांनी तो वर्षभर खोक्यातच ठेवला. घरून आणलेला दगडी पाटाच त्यांना लागायचा.

जेवणाची सुट्टी संपत आली की अक्का दारात उभ्या राहून ओरडायच्या, "बठ्ठा जेवनात का?" सगळे जेवले का, हा प्रश्न त्या उगाच विचारायच्या नाहीत, उत्तरासाठी थांबायच्या. कुणी तरी सांगायचं, लोडिंगवर ट्रक आलाय, तिकडची पोरं राहिलीत. मग झाकून ठेवलेलं निघायचं. कायम कामगार आणि ठेकेदाराचे कामगार एकाच बाकावर बसायचे, कारण दुसरा बाकच नव्हता. रमजानमध्ये दुपारच्या पाळीतल्यांसाठी त्या संध्याकाळी मुद्दाम थांबायच्या. आमचे जुने ऑपरेटर रशीदभाई म्हणायचे, "अजान मला मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. अक्का हात वर करतात, तेव्हा मी खजूर तोंडात टाकतो."

मग पुण्याहून मनुष्यबळ विभागाचे नवे साहेब आले. परदेशी गिऱ्हाइकं कारखाना बघायला येणार होती, आणि पत्र्याची शेड साहेबांना दाखवण्यासारखी वाटली नाही. त्यांनी एक एजन्सी बोलावली. त्या पोरापोरींनी दोन दिवस कॅन्टीनमध्ये फोटो काढले, "अस्सल खान्देशी" हा शब्द शंभरदा उच्चारला आणि मला विचारलं, "सर, इथलं काहीतरी हटके सांगा ना." मी सांगितलं. अक्कांचं ते वाक्य सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला, ते कसं लिहायचं तेही कागदावर लिहून दिलं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आजही माझीच मला शरम वाटते.

सहा महिन्यांनी पुढच्या बाजूला काचेचा हॉल उभा राहिला. नाव, "अक्काची चूल". भिंतीवर एका हसऱ्या म्हातारीचं चित्र, नाकात भली मोठी नथ. अक्कांनी जन्मात नथ घातली नव्हती. छताला सुपं आणि टोपल्या टांगलेल्या, त्यात दिवे. कोपऱ्यात फायबरची चूल, तिच्यात लाल बल्ब. आणि समोरच्या भिंतीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, "बठ्ठा जेवनात का?" स्वयंपाक मात्र तिथे होणारच नव्हता. हायवेवरच्या कुठल्याशा मोठ्या स्वयंपाकघरातून स्टीलचे ट्रे येणार होते. अक्कांना भांडी धुण्याच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. ठेकेदाराच्या कामगारांची कार्डं त्या दारावर चालत नव्हती. त्यांच्यासाठी मागच्या खिडकीतून जेवणाची पाकिटं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी अक्कांना नऊवारी नेसवली, दाबाची नथ लावली आणि फायबरच्या चुलीशेजारी उभं केलं. पाहुण्यांना "खऱ्या अक्का" दाखवायच्या होत्या. त्या दिवसापुरता तरी स्वयंपाक अक्कांनी करावा, असा साहेबांचा आग्रह होता, म्हणून पहाटेपासून राबून त्यांनी भाकऱ्या, भरीत, ठेचा सगळं केलेलं. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा ना."

"मी कसाले हासू?" अक्का म्हणाल्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांना वाचायला वेळ लागायचा. एकेक अक्षर लावत त्यांनी ते वाक्य वाचलं आणि माझ्याकडे वळल्या. "हाई मनं बोलनं शे."

"हो अक्का. तुमच्या मानासाठी लिहिलंय."

"भितवर इचारेल शे," अक्का म्हणाल्या, "पन जवाब आयकाले आठे कोन शे?"

विचारलंय भिंतीवर, पण उत्तर ऐकायला इथे आहे कोण? काचेतून बाहेरचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं. त्याखाली ठेकेदाराची माणसं उन्हात बसली होती. पाकिटं अजून आली नव्हती. अक्कांनी ते पाहिलं. नथ काढून चुलीवर ठेवली, भाकऱ्यांची टोपली उचलून डोक्यावर घेतली, भरिताचं पातेलं कमरेवर घेतलं आणि निघाल्या.

साहेब धावले. "अक्का, अहो ते पाहुण्यांसाठी आहे!"

"ह्या बी पाव्हनाच शेतस," अक्का म्हणाल्या आणि पायानं दार ढकलून बाहेर गेल्या. लिंबाखाली बसून त्यांनी सगळ्यांना वाढलं. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी काचेतून फोटो काढले.

अक्काही ठेकेदाराच्याच यादीत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून निरोप आला, उद्यापासून यायची गरज नाही. इतकी वर्षं राबलेल्या बाईला एवढंच. मी साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत ते हसत फोनवर बोलत होते. मी परत फिरलो. हे मी घाबरून केलं, त्याला दुसरं नाव द्यायचं कारण नाही.

जाताना अक्कांनी फक्त पाटा आणि वरवंटा घेतला. गेटवर त्यांना अडवलं, कारण सामान बाहेर न्यायचा पास नव्हता. पासवर सही माझी लागते. मी लिहिलं, "दगड, दोन नग." परत येणार की नाही, असा एक रकाना असतो. तिथे "नाही" लिहिलं आणि सही केली. अक्कांनी पास घेतला आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसल्या.

त्यानंतर जे झालं त्यात माझा काहीही वाटा नाही. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी काचेच्या हॉलमधून ताट वाढून घेतलं आणि ते घेऊन लिंबाखाली जाऊन बसले. त्यांच्यामागून त्यांची अख्खी पाळी गेली. साहेबांनी नोटीस लावली, समज दिली, पगार कापायची धमकी दिली. दोन आठवडे हॉल रिकामा आणि झाड भरलेलं. शेवटी पाहुण्यांची पुढची फेरी जवळ आली, आणि ठेकेदाराच्या माणसांची कार्डं दारावर चालू लागली. मी हे सगळं ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं.

यंदा उन्हाळ्यात एका लग्नासाठी अमळनेरला गेलो होतो. विचारत विचारत अक्कांच्या भावाच्या घरी पोचलो. अक्का ओसरीत डाळ निवडत होत्या. थकल्या होत्या, शर्ट तसाच. माफी मागायची म्हणून मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. ती ऐकायला अक्का काही तयार नव्हत्या. त्यांनी आधी 'खजूरवाला भाऊ'ची, म्हणजे रशीदभाईंची, चौकशी केली. मग विचारलं, "ठेकेदारना मानसं आते मझार बसतस का?"

"हो अक्का. सगळे आतच बसतात आता."

त्यांचा चेहरा सैल झाला. सुपातले दोन खडे वेचून त्यांनी अंगणात फेकले.

"अन् तू?" त्यांनी विचारलं. "तू कोठे बसस?"

मी खरं ते सांगितलं. घरून डबा नेतो. ऑफिसात, दार लावून, एकटा जेवतो.

जेवलास का, हे अक्कांनी मला विचारलं नाही. सूप पुढे ओढून त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या.