अकरा नंबरचा नमुना

कंपनीत त्यांना सगळे ‘नाकवाले’ म्हणत. सिंगल माल्ट स्कॉचचे नमुने आले की ते हुंगून, चाखून कुठला माल घ्यायचा हे तेच ठरवत. एकतीस वर्षं त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

हिवाळ्यात त्यांना सर्दी झाली. सर्दी गेली, ती वास घेऊनच गेली. एकदा दूध करपून घरभर वास सुटला आणि हे शेगडीशेजारीच पेपर वाचत बसलेले. “अहो, नाक कुठे गहाण टाकलंत?” बायकोनं विचारलं. ते हसले नाहीत, तेव्हा तिचंही हसू मावळलं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही.

कामावर मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बाटलीवरची चिठ्ठी वाचायची आणि आठवणीतून शेरा लिहायचा. असे दोन महिने निभावले.

मग एका सकाळी अकरा नंबरचा नमुना पुढ्यात आला. चार वर्षांची कोवळी व्हिस्की, अमेरिकन ओकच्या पिंपात मुरलेली. त्यांनी घोट घेतला. जीभ चुरचुरली, किंचित गोडवा लागला, घसा तापला. बस्स. शेरा मात्र झोकात उतरला: व्हॅनिला, मध, ओल्या नारळाची झाक.

सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेली सहकारी ग्लास पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होती.

“काय झालं?”

“सर, मला दमट पुठ्ठ्यासारखा वास येतोय. पिंप खराब असावं.” मग ती घाईनं म्हणाली, “पण तुम्हाला आला नाही, म्हणजे माझंच चुकत असेल.” आणि स्वतःचा शेरा फाडायला लागली.

त्यांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला. “फाडू नकोस. मला दोन महिन्यांपासून कसलाच वास येत नाही.”

ती खुर्चीत बसली. “मग हे सगळे शेरे?”

“थापा. जुन्या ओळखीवर मारलेल्या.”

दुपारी ते स्वतःच मालकांकडे गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. मालकांनी त्या सहकारीला बोलावलं. दोन महिन्यांचे नमुने तिनं पुन्हा तपासले. तीन खराब निघाले. मालकांनी त्यांना काढलं नाही, पण निवाडा तिच्याकडे दिला. घरी जेवताना त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, “आज सुटलो.” आणि घास तसाच हातात धरून रडले.

आता कामावर त्या सहकारीच्या समोर बसून ते शेरे लिहून घेतात.

“व्हॅनिला आहे,” ती म्हणते, “आणि आणखी काहीतरी. नाव सापडत नाही.”

“कोरडं की ओलं? स्वयंपाकघरातलं, की सुताराकडचं?”

“सुताराकडचं. ताजा भुसा.”

ते मान हलवतात आणि लिहितात.