बाबांच्या मापाची खुर्ची

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा एस.टी.च्या थांब्यावर काखेत पाट घेऊन उभे होते. माझा पाट. फणसाच्या लाकडाचा, मी दहावीला असताना त्यांनी केलेला. मला अंधेरीत नोकरी लागली होती, पायात नवी सँडल होती आणि निरोप द्यायला निम्मं गाव जमलं होतं. “घेवन जा गो. खयंय बसान जेवशीत,” ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंबईला पाट घेऊन कोण जातं? “तिकडे टेबलं असतात, बाबा,” मी म्हटलं. गाडी सुटली तेव्हा पाट त्यांच्याच काखेत होता.

गाव सोडून गेलेल्या तुमच्यातल्या प्रत्येकाने असं काहीतरी थांब्यावर मागे ठेवलं असेल.

टेबल कसलं नि काय! पेइंग गेस्ट म्हणून राहिले त्या खोलीत माझ्या वाट्याला एक कॉट आली. तिच्यावर वर्तमानपत्र पसरून मी डबा खायचे. पहिल्याच आठवड्यात चादरीवर वरण सांडलं आणि मालकीणबाईंची बोलणी खाल्ली, तेव्हा पाट आठवून रडले होते. गावी फोनवर मात्र सगळं मस्त चाललंय असंच सांगायचे.

बाबा सुतार. पाट करायचा तर ते आधी माणसाला फळीवर मांडी घालून बसवत आणि दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करत. “जेचा बूड, तेचा माप,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांसाठी चार जादा पाट करून द्या म्हणणाऱ्यालाही ते विचारत, पाहुणे जाडे की बारीक? लोक हसत. मीही हसायचे. आणि नोकरी काय मिळाली, तर फर्निचरची ड्रॉइंग काढायची! टेबल तीस इंच, खुर्चीची बैठक अठरा इंच. बसणारा कोण, हे तिथे कुणी विचारत नाही.

पुढे लग्न झालं, दहिसरला फ्लॅट घेतला. तिथेही बरीच वर्षं आम्ही सोफ्यावर बसून, ताट मांडीवर घेऊनच जेवलो. डायनिंग टेबलाचा विषय निघाला तेव्हा समीर, म्हणजे माझा नवरा, जन्मापासून कांदिवलीकर, लगेच म्हणाला, “यार, ऑनलाइन मागव ना. दोन दिवसांत येतं.” मी हट्टाला पेटले. डिझाइन मी करणार आणि टेबल बाबा करणार. गावी घरामागचा फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर सुकत होत्या. आई गेल्यापासून बाबा एकटे आहेत, हाताला काम मिळालं की बरं वाटेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. इतक्या वर्षांत ते एकदाही मुंबईला आले नव्हते. मला ते माझ्या घरी, माझ्या टेबलाशी जेवायला बसलेले बघायचे होते.

मी मोबाइलवर ड्रॉइंग पाठवलं. त्यांचा फोन आला. “बाकी समाजला. पण बसतलो कोण?”

“कोणीही बसेल, बाबा. चारही खुर्च्या सारख्याच करा. सेट असतो तो.”

मग म्हणाले, “बरा.”

पावसाळा संपल्यावर लक्झरीच्या डिकीतून टेबल आलं, आईच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून, आणि सोबत बाबा. एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून त्यांनी दुपारपर्यंत सगळं उभं केलं. पिवळंधमक लाकूड, चार सारख्या खुर्च्या. “झकास, बाबा!” समीर म्हणाला. मी बांगड्याचं तिखलं केलं होतं, सोलकढी केली होती. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत राहिले. एका हाताने त्यांनी बैठकीची कड घट्ट धरली होती. दोन घास खाल्ले, ताट उचललं आणि भिंतीशी खाली जाऊन बसले.

माझा तोलच गेला. “तुमच्यासाठी केलं हे सगळं!”

“माझ्यासाठी?” ते शांतपणे म्हणाले. “मगे माप कोणाचा घेतलंस?”

ज्याला माझ्या घरात बसलेलं बघायचं होतं, त्या माणसाला मी माप एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून मी गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप लावली. तीन इंच कमी पडत होते. खुर्चीचे पाय कापून ती बुटकी केली असती तर टेबल हनुवटीला लागलं असतं. म्हणून पुढच्या दोन पायांमध्ये, तीन इंचांवर, आडवी पट्टी बसवायचं ठरवलं. मी कागदावर काढली, त्यांनी उरलेल्या तुकड्यातून कापली. त्या दुपारी पट्टीवर पाय टेकून ते जेवले आणि भात परत मागून घेतला. मी समोर बसून नुसती बघत होते. दोन दिवसांनी निघाले. राहा म्हटलं तर म्हणाले, “घराक दिवो कोण लावतलो?”

त्याला आता तीन वर्षं झाली. लाकूड मधासारखं गडद झालंय. एकच खुर्ची वेगळी का, असं पाहुणे विचारतात. त्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नाही.

परवा फोनवर विचारलं, “बाबा, माझा तो पाट आहे का हो अजून?”

“असा. पण तो आता तुका होवचो नाय. धाव्वीतलो तो.” मग म्हणाले, “ये. बस. मगे नवीन माप घेतंय.”

मे महिन्यात येते म्हटलं होतं, मे गेला. गणपतीला म्हटलं, तेही हुकलं. हल्ली त्यांच्या हातात पेन्सिल थरथरते, असं शेजारची काकी सांगते. घर कुठे, असं कुणी विचारलं की मी दहिसर सांगते, आधार कार्डावरही तेच आहे. पण गावच्या पडवीत बाबांनी एक फळी पुसून बाजूला काढून ठेवली आहे. ती त्यांना कापता येत नाही, कारण मी अजून तिच्यावर जाऊन बसलेले नाही.