धूळपाटीवरची ओळ

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळात अकोल्यात गोवर्धन पंतोजी देवळाच्या ओट्यावर शाळा चालवत. माणूस भारी तापट. पोरं पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवत. शेवटी प्रत्येकानं आपल्या मनची एक ओळ लिहायची, आणि ती खरी हवी. कोणी खोटं बोललं की पंतोजी त्याचा कान पिळत.

एक दिवस उत्तमराव शेतकरी तणतणत आले. त्यांना वाचता येत नव्हतं.

“पोराले हे काय शिकवून राहिले तुमी? कापसाचा हिशोब शिकवा!”

पंतोजींनी त्यांच्याच पोराची पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बाबा आता घरी हसत नाही.’

“काय लिवलं रे?” उत्तमरावांनी विचारलं.

पोरानं बापाकडे पाहिलं आणि तळहातानं धूळ पुसून टाकली.

“हिशोब, बाबा.”

पंतोजींनी त्याचा कान पिळला नाही.