चेतनाची पद्धत

मेंदूज्वरातून उठलेली चेतना रामटेके तेलीबांधा भागातल्या ऑफिसात पुन्हा रुजू झाली. नव्या प्रोजेक्टचा कोड तिने सकाळभर बसून एकटीने लिहिला. तिच्या सगळ्या सवयी वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्या एआय सहायकाने तो वाचला आणि विचारलं, "चेतना असं लिहीत नाही. आपण कोण?"

"मीच आहे," तिने टाइप केलं.

"मग तिच्या पद्धतीने लिहून देऊ?"

तिने हो म्हटलं. पडद्यावर ओळी झरझर उमटल्या. शेजारची चित्रा वाकून म्हणाली, "हव, आता कशी जुनी चेतना वाटून राहिली तू!"

चेतनाला त्यातली एकही ओळ ओळखीची वाटेना. तरी तिने कोड तसाच पाठवला. त्यानंतर कशालाही हात घालण्याआधी ती सहायकालाच विचारू लागली, चेतनाने काय केलं असतं?