आक्कांच्या जीपचा काटा

आक्का जीप सुरू करताना देवाचं नाव घेत नसत. किल्ली फिरवायच्या, इंजिन धडधडलं की डोळे बारीक करून समोरच्या ऑइलच्या दाबाच्या काट्याकडे बघायच्या आणि तो वर सरकला की म्हणायच्या, "चढला मुडदा!" मगच गिअर पडायचा. गाडीत नवी नवरी बसलेली असो नाहीतर देवाला निघालेले पाहुणे असोत, पहिला शब्द हाच. माझी आई एकदा ते ऐकून इतकी दचकली की वाटभर रामराम म्हणत राहिली.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. लग्न होऊन मी सोनईत आले तेव्हा लोकांनी मला सासूचा धाक घातलाच नाही, घातला तो जावेचा. थोरले दीर गेले तेव्हा त्यांची जुनी डिझेल जीप दारात उभी राहिली. भावकीला वाटलं, आता कोंबड्या बसतील तिच्यावर. आक्कांनी ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात, ट्रॅक्टरवाल्याला शेजारी बसवून, बांधावर दोनदा चाक चढवून गाडी शिकून घेतली. आणि पहिली मोठी फेरी कुठं मारली? थेट घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात!

तिथं सौदा टॉवेलखाली बोटं धरून होतो. बाईचा हात टॉवेलखाली घ्यायला व्यापारी कचरले. आक्कांनी आपल्या पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला. "तुमचा घामट हाय, माझा धुतल्याला हाय. घाला हात, चावत न्हाई मी." घरी येताना मागच्या टेम्पोत गाय होती. गावात कुणी म्हणालंच, "वहिनी, सांगायचं ना, आम्ही आणली असती," तर उत्तर तयार, "दुसऱ्यानं आनलेली गाय बघितलीय मी. शिंगं झ्याक, दूध न्हाई."

मलाही त्या शेजारी बसवून न्यायच्या. पुढं एकदा भर रस्त्यात उतरल्या आणि म्हणाल्या, "सुमन, सरक हिकडं. आता तू चालव." मी रडकुंडीला आले. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी गाडी शिकले ती अशी, शिव्या खात.

मधल्या काळात काट्याला दाब कळवणारं सेन्सर गळायला लागलं, इंजिनवर ऑइल झिरपायचं. भाऊसाहेबानं, म्हणजे आक्कांच्या मुलानं, नवं आणून बसवलं. दुसऱ्या दिवशी आक्कांनी किल्ली फिरवली आणि काटा शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला. त्यांनी तिथल्या तिथं इंजिन बंद केलं.

भाऊसाहेबानं मोबाईलवरून बबन मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री गाडी न बघताच म्हणाला, इंजिन उघडावं लागंल, बेरिंगं गेली असतील. झालं! भाऊसाहेबाला तेवढंच हवं होतं. "आई, जुनी गाडी हाय. किती दिस वढायची? मी भंगारवाल्याला बोलावतो. तुला बाजाराला जायचं आसंल तवा मी न्हेतो की."

"तू न्हेतो. तुला येळ आसंल तवा."

"मंग काय झालं?"

"मला येळ आसंल तवा मला जायचंय," आक्का म्हणाल्या.

माझ्या नवऱ्यानं मध्यम मार्ग काढला. "वहिनी, काट्याची वायर उपटून टाका. गाडी चालतीय ना? कशाला बघायचं त्याच्याकडं?" यावर त्या जास्तच भडकल्या. "व्हय का? ताप बघायचा न्हाई म्हनून तापमापी फोडायची? खरंच दाब नसंल तर मीच इंजिनाला हात लावनार न्हाई. पन आधी शाबित करा!"

मला तर त्यांच्या जिवाची काळजी वाटायला लागली. ती जीप गेली असती तर आक्कांना माहेरी जायला, दवाखान्यात जायला, साधं मीठ आणायलाही कुणाची तरी मर्जी बघावी लागली असती. आणि मर्जी बघणं हा प्रकार त्यांना जमत नव्हता, बास!

भाऊसाहेबानं तरीही बोलावलेला भंगारवाला यायच्या दिवशीच सकाळी त्यांनी बबन मिस्त्रीला बोलावून घेतलं, तेही दाब मोजायचा मीटर घेऊन. स्वतः ऑइल मोजायची पट्टी उपसून दाखवली. "हे बघ, खुनेपर्यंत हाय. आवाज ऐक. खडखड हाय का?" मिस्त्रीनं कान लावला. आवाज गोड होता. मग त्यानं सेन्सर काढून त्याच्या जागी मीटर बसवला आणि म्हणाला, "मारा आक्का." इंजिन सुरू झालं तसा मीटर भराभर वर चढला आणि तिथंच थांबला.

"दाब तर झकास हाय," मिस्त्री ओशाळून म्हणाला. मग त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली चालू ठेवली आणि सेन्सरची वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. समोरचा काटा खाडकन पार वर गेला. म्हणजे काटाही चांगला, वायरही चांगली.

"मंग खोटं बोलतंय कोन?" आक्कांनी काढलेलं सेन्सर उचललं. त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे जाडजूड वेढे होते. "हे काय रं भाऊसाहेब?"

"टेफलॉन टेप. गळू नये म्हनून. ड्रीपला मारतो तशी."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "आरं बाबा, ही काय पाइपलाइन हाय? ह्याला अर्थिंग आट्यांतनंच मिळती, टेपनं करंटच तुटला. तू तर सेन्सरला रजई पांघरवलीस!"

आता आमच्याकडं ही टेप म्हणजे घरोघरचं औषध. मोटारीला, टाकीला, फवारणीच्या पंपाला, जिथं थेंब दिसला तिथं वेढे. पोराची नियत वाईट नव्हती. मिस्त्रीनं टेप खरवडून सेन्सर उघड्या आट्यांनीच घट्ट आवळलं. आक्कांनी किल्ली फिरवली. काटा चढला. मी तर टाळ्या वाजवल्या.

भाऊसाहेब मात्र हसला नाही. "तरी पन आई," तो म्हणाला, "आता तुझं वय झालं."

आक्कांनी इंजिन बंद केलं. इतका वेळ ओरडणारी बाई एकदम हळू बोलायला लागली. "मंग पहिल्यापास्नं तसं म्हनायचं. काट्याच्या आड का लपत हुतास? आई एकटी जाती, भ्या वाटतं, आसं म्हन. खरं आसंल तुजं भ्या. बाप गेलेलं पोर हायेस तू, कळतं मला. पन तुजं भ्या उतरावं म्हनून मी दारात बसायचं का?"

तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो आला. आक्कांनी त्याला चहा पाजला, परसातली मोडकी सायकल दिली आणि वाटेला लावलं. पुढच्या बाजाराला त्या एकट्याच गेल्या, मलाही नेलं नाही. मला राग आला होता.

त्यानंतरही बरीच वर्षं जीप चालली. मग आक्काच आजारी पडल्या आणि थोडक्या दिवसांत गेल्या. घर नुसतं मुकं झालं. मला सख्खी बहीण नाही, पण बहीण जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दशक्रियेच्या दिवशी भावकीतले बाप्ये मांडवात बसून ठरवायला लागले, आता जीप काढून टाका, चालवणार कोण?

भाऊसाहेब उठून माझ्याकडं हात करत म्हणाला, "जीप काकूंची हाय. आई सांगून गेलीय."

आक्का असं काही सांगून गेल्या नव्हत्या. शेवटपर्यंत मीच तर होते उशाशी.

बाजाराच्या दिवशी मी किल्ली घेऊन बाहेर आले तेव्हा तो अंगणातच उभा होता. तोंड उतरलेलं. पुढं झाला, फाटक पूर्ण उघडलं आणि माझी गाडी बाहेर पडेपर्यंत धरून उभा राहिला.