वीस खोकी जास्त

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या! हातात आलेली नोकरी मी स्वतःच्या हुशारीने कशी घालवत आणली होती, ते ऐका.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी बेलवली गावचा, आणि जवळच अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर क्लार्कसाठी अर्ज केलेला. लेखी परीक्षेत काय, तर ठोकळे! आठवतायत ना? एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांचं चित्र आणि खाली प्रश्न, एकूण ठोकळे किती? सातवीच्या स्कॉलरशिपला ह्याच ठोकळ्यांनी मला आपटवलं होतं. मी आपला दिसतील तेवढेच मोजायचो.

शेवटी ताईने धरून बसवलं. साबणाच्या वड्या रचल्या आणि म्हणाली, "वरचा ठोकळा हवेत तरंगतो का रे? त्याच्याखाली असणारच! लांबी, रुंदी, उंची, गुणाकार कर आणि मोकळा हो."

तेवढ्यावर पास झालो की! पण सहा महिने टेंपररी. मग साहेब ठरवणार, कायम की घरी. ते सहा महिने साहेब नुसते खोकले तरी मला वाटायचं, गेली नोकरी!

साहेब म्हणजे पेंडसे. पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, आणि माझ्याहून भित्रे. त्यांना धास्ती एक्साइजवाल्यांची. गोदामात रजिस्टरपेक्षा एक खोकं जास्त निघालं, तर कर चुकवायला माल चोरून बनवला म्हणून थेट केस!

माझा शेवटचा आठवडा. साहेब म्हणाले, "उद्या एक्साइजचे लोक येतायत. ती रंगाच्या पावडरची थप्पी मोजून या."

थप्पी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, वरून ताडपत्री टाकलेली. पाहिली आणि माझी छातीच फुगली. अहो, हा तर पेपरातलाच प्रश्न! सहा लांब, सहा रुंद, पाच उंच. एकशे ऐंशी!

हमालांचा मुकादम गोमा बाजूला तंबाखू मळत होता. "क्लार्कसाहेब, वर चढून बगितलं का?"

"काही गरज नाही."

"अवो, पन आतमधी..."

"आतलं मला शिकवू नका, मुकादम! न दिसणारे सगळे धरलेत मी!"

त्याने तंबाखू तोंडात टाकली.

रजिस्टरात होती एकशे साठ.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. "वीस जास्त? नीट मोजलीत ना?"

"सर, लिहून देतो!"

आणि दिलं की हो लिहून! सहीसकट!

मग जी पळापळ झाली! गेट बंद. सुपरवायझरला बोलावणं. ही वीस खोकी बनवली कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून? साहेब घटाघट पाणी पीत म्हणाले, "आपण सगळे आत जाणार!" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की कागदावर सही माझी आहे, म्हणजे पहिला मी!

"चला, मला एकेक खोकं दाखवा!" साहेब गोदामाकडे सुटले. मी घाईघाईने शिडी लावली, वर चढलो, ताडपत्रीवर दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्या पावलाखाली खोकंच नव्हतं!

गेलो की ताडपत्रीसकट खाली! अंधार, चारी बाजूंनी खोकी, नाकातोंडात रंगाच्या पावडरची धूळ. मी बोंब ठोकली, "मेलो!"

बाहेरून गोमाचा शांत आवाज आला, "तेच सांगत व्हतो. पावडरीला हवा लागाया मधी विहीर ठेवतो आमी. नायतर ओल धरून गोळे व्हतात. पोराटोरांना पन म्हाईत हाय."

दोन बाय दोन, पाच उंच. वीस! हा गुणाकार मला तिथे, त्या खड्ड्यात सुचला.

शिडी आत घालायला जागा नव्हती. थप्पी उतरवायलाच हवी होती. साहेब म्हणाले, "उतरवताय तर मोठ्याने मोजा."

एक... दोन... तीन... मी आत बसून ऐकतोय. एकशे साठ भरली तर मी मूर्ख, एकशे ऐंशी भरली तर तुरुंग. देवाला हात जोडून म्हणालो, "बाबा रे, मला मूर्खच कर!" एक बाजू मोकळी झाली तरी मला उठवेना. तसाच जमिनीवर बसून राहिलो.

"एकशे साठ!" गोमा ओरडला.

साहेब मटकन स्टुलावर बसले आणि कपाळ पुसायला लागले. माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, संपलं.

गोमाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नखशिखांत रंगाची पावडर! "साहेब, ह्ये येक रिकामं खोकं उरलंय. रजिस्टरला लिवायचं का?"

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "लिहा. कायम म्हणून लिहा."