तालुकदारसाहेबांचे पडदानशीन मासे

किस्से मी कधी जमवायला गेलो नाही. निजामाच्या राज्यात बीडच्या तालुकदार कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि मिसलींच्या गठ्ठ्यांवर धूळ साचावी तसे ते आपोआप साचत गेले. त्यातले निम्मे तर नुसत्या माशांचे!

साहेबांनी हैदराबादेहून शोभेचे मासे आणवले. परळीपर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं! बेगमसाहेबांनी लगेच फर्मावलं, "जनाने में मर्द नक्को, मच्छी हुई तो भी नक्को!" झालं! काचेच्या दोन पेट्या मांडल्या. माद्या जनान्यात, नर दिवाणखान्यात.

पण नर कोणता? अख्खी कचेरी ओणवी होऊन बघायला लागली. आमचे हेडक्लार्क पेशकारसाहेब सर्वांत अनुभवी. कोपऱ्यातल्या एका गप्प माशाकडं बोट दाखवून म्हणाले, "हा नर. लग्न झालेला दिसतोय."

आठ दिवसांत त्या नराला पंचवीस पिल्लं झाली!

*

मग बिंदुसरा नदीवर मासे धरणाऱ्या धोंडीबा भोयाला बोलावणं गेलं. साहेबांनी विचारलं, "नर-मादी ओळखतोस?"

"हुजूर, आमी मासे खायाला धरताव. सोयरीक जमवायला न्हाई!"

तरी ठेवला, पण तंबी देऊन: जनान्यात एक जरी नर निघाला, तर नोकरी गेली! धोंडीबाच्या घरी खाणारी तोंडं सात. बिचारा रोज वैजनाथाचं नाव घेऊन पेटीला हात लावायचा.

*

महिनाभर काचेला नाक लावून त्यानं शोध लावला. शेपटीचं खालचं टोक तलवारीसारखं लांब असेल तो नर!

पेशकारांना पटेना. "आन् तलवार नसली तर?"

"मग बाई. न्हाई तर लेकरू."

"बाई का लेकरू, ते कसं ठरवतोस बे?"

"ठरवत न्हाई. थांबतो."

आमच्या कचेरीची कामाची पद्धत इतक्या लवकर कुणीच उचलली नव्हती!

*

आणि एके सकाळी जनान्यातल्या सर्वांत थोराड मादीला, चांगली दोनदा बाळंत झालेलीला, तलवार फुटली!

साहेबांनी धोंडीबाला जनान्याच्या पडद्यासमोर उभं केलं. बडतर्फीचा हुकूम लिहायला शेजारी मी. खरं सांगतो, मला लई वाईट वाटत होतं.

"जनान्यात मर्द कसा आला बे?"

"हुजूर, म्या बाईच दिलती! दोन्ही बाळंतपणं तुमच्याच घरात झाली. आता हितं ऱ्हाऊन ती मर्द झाली, त्याला म्या काय करू?"

साहेब लालबुंद! माझ्याकडं वळून ओरडले, "लिहा हुकूम!"

मी टाक बुडवला, तोच पडद्याआडून बेगमसाहेबांचा आवाज आला,

"भोईकू नक्को निकालो. इस घर में कोई तो मर्द हुआ!"